फॉर्मची मागची बाजू

"साहेब, मांगं पाहा."

महिन्याच्या मीटिंगला आपला अहवाल माझ्या टेबलावर ठेवला की ती एवढंच म्हणायची. म्हणता म्हणता कागद स्वतःच उलटा करायची आणि बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक करायची, बंद दार वाजवावं तशी. मग पिशवी काखेत मारून शेवटच्या बाकावर जाऊन बसायची.

मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आकडे गोळा करायचो. गावोगावच्या उपकेंद्रांवरच्या नर्सबाया दर महिन्याला छापील फॉर्म भरून आणायच्या. किती बाळंतपणं झाली, किती लसी दिल्या, तापाचे किती, जुलाबाचे किती, किती माणसं गेली आणि कशानं गेली. मी त्या सगळ्या फॉर्मांचे आकडे उपकेंद्रवार मांडून, बेरीज करून तालुक्याचा एक कागद करायचो. तो जिल्ह्याला जायचा आणि तिथून आणखी वर. गावात कोण कशानं आजारी आहे हे सरकारला कळायचं ते माझ्या टेबलावरून. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं समजायला ते लागेल म्हणून सांगतो.

फॉर्मची पुढची बाजू छापील असायची, मागची कोरी. बाकीच्या सिस्टर पुढची बाजू भरायच्या. ही दोन्ही भरायची.

तिचं नाव मी लिहिणार नाही. का नाही, ते शेवटी कळेल. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो, गावातले लोक सिस्टरबाई. बुटकी, रुंद हाडाची, नाकात चमकी. निळ्या रेक्झिनची पिशवी, आणि त्या पिशवीत रजिस्टरांबरोबर दोन मोठ्या रिकाम्या बाटल्या. तिचं गाव खारपाणपट्ट्यात होतं. तुमच्यापैकी ज्यांनी तो भाग पाहिला असेल त्यांना सांगायला नको. विहिरीचं पाणी खारं, हापशीचं त्याहून खारं. डाळ शिजता शिजत नाही, चहा करायला घेतला तर दूध फाटतं. आमच्या कार्यालयाच्या नळाला गोडं पाणी यायचं. ती आली की आधी नळावर जायची, बाटल्या भरायची, मग सभागृहात.

आमचा शिपाई तिला चिडवायचा, "काय सिस्टर, मीटिंगले आल्या का पाण्याले?"

"पाण्याले आली, भाऊ. मीटिंग वाटंत लागते."

चहा आला की ती आधी कपात डोकावून पाहायची. "नाही फाटला," असं स्वतःशीच म्हणायची आणि मग प्यायची. दर महिन्याला. जसं काही आमचा चहा यावेळी तरी फाटेल, अशी तिला आशा होती.

एकदा लसीकरणाच्या पाहणीला मी तिच्याबरोबर गावात फिरलो. ती बाळांकडे जाता जाता मध्येच एखाद्या ओट्याशी थांबायची. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यापुढे उकिडवी बसायची आणि रामराम करावा तितक्या सहज त्याच्या नडगीवर अंगठा दाबायची. दाबून धरायची, ओठातल्या ओठात पाचपर्यंत मोजायची, मग अंगठा उचलायची.

"आबा, पाहा. खड्डा राह्यला. सूज हाय ही. अकोल्याले जाऊन रक्त तपासून या."

"अवो बाई, आता वय झालं माहं."

"वयानं दात पडतात, आबा. नडगीत खड्डा नाही पडत. येत्या सोमवारी जाता का मी पोराले सांगू?"

म्हातारा धोतर खाली ओढत म्हणाला, "सांग बाप्पा. तू काही सोडत नाही." आणि माझ्याकडे पाहून, "साहेब, हे बाई अख्ख्या गावाचे पाय पाहाते. अशानं पोरीले सोयरा मिळन का?"

तिनं मला दिलेली पहिली यादी मी वाचली होती. ते खरं आहे आणि ते मला लिहायलाच हवं, कारण आपण काही वाचलंच नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. फॉर्मच्या मागच्या बाजूला तिनं पट्टी लावून लाल पेनानं रकाने आखले होते. नाव. वय. पाणी कुठलं. किती वर्षं. पाय. अकोल्याचा कागद. जो गेला त्याच्यापुढे छोट्या अक्षरात तारीख आणि 'गेला'. अक्षर गोल, शाळेच्या फळ्यावर असतं तसं.

"हे काय, सिस्टर?"

"किडनीचे हायेत. फारमात त्यायले जागाच नाही ना जी. म्हणून मांगं बसवले."

"आणि 'पाणी कुठलं' हे कशाला?"

"ते पाहा तुम्ही. कोणत्या विहिरीवरचे किती, ते पाहा. मी काही डॉक्टर नाही. मी लिवून राह्यली, वरचे पाहातीन."

वरचे पाहतील. ती वरचे म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे मुंबई-दिल्ली असणार. वर जाणारा जिना माझ्या टेबलापासून सुरू होत होता.

मी ती यादी आमच्या साहेबांकडे नेली. ते वाईट नव्हते. त्यांच्याकडे एका वेळी दोन तालुक्यांचा कार्यभार होता आणि त्या दिवशी जिल्ह्याची बैठक होती. त्यांनी कागद उलटसुलट केला. "रकाना कुठं आहे?"

"नाही सर."

"मग इतरमध्ये टाका ना."

मी 'इतर'मध्ये टाकलं. 'इतर'मध्ये फक्त आकडा मावतो. नाव, विहीर, किती वर्षं, हे काही त्यात जात नाही. तरी आकडा तरी वर गेला, असं मी तेव्हा म्हणालो असतो. पण दोन-तीन महिन्यांनी जिल्ह्यावरून पत्र आलं. एका उपकेंद्राचे 'इतर' मृत्यू जास्त का, याचा खुलासा सादर करावा. साहेबांनी पत्राच्या कोपऱ्यात माझं पद लिहून सही केली आणि म्हणाले, "तुम्हीच बघा. पुन्हा असं पत्र नको."

मला खुलासा लिहिता आला असता. तिची यादी मागे जोडायची होती, चार ओळी लिहायच्या होत्या. मी दुसरंच केलं. पुढच्या महिन्यापासून तिच्या यादीतली गेलेली माणसं मी तिच्याच फॉर्मच्या पुढच्या बाजूला, माझ्या पेनानं, वेगवेगळ्या रकान्यांत वाटून टाकली. एखादा वृद्धापकाळात, एखादा हृदयविकारात, एखादा तापात. तरुण असला तर 'कारण अज्ञात'. कोणताच रकाना उंच दिसू नये इतपत, सारखं सारखं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी 'बघा' म्हटलं होतं, 'वाटा' म्हटलं नव्हतं.

पुन्हा पत्र आलं नाही. उलट जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या तालुक्याचा अहवाल वेळेवर येतो आणि त्यात त्रुटी नसते म्हणून नाव घेतलं गेलं. मी उभा राहून मान लववली.

त्यानंतर मी मागची बाजू वाचणं सोडलं. वाचलं की नाव डोक्यात राहायचं आणि वाटणी करताना हात अडखळायचा. मी फक्त 'गेला' किती ते मोजायचो. ती "मांगं पाहा" म्हणून टकटक करायची, मी कागद उचलून उलटा धरायचो, "पाहतो" म्हणायचो.

पुढे कम्प्युटर आला. महिन्याचे आकडे संगणकावर भरायचे आणि प्रत्येक उपकेंद्राला त्याचा छापील कागद परत द्यायचा, असा आदेश निघाला. तिला तिच्या गावाचा कागद मिळाला आणि मीटिंग संपल्यावर ती माझ्यापाशी आली. चष्मा नाकावर खाली ओढून तिनं बोट ठेवलं.

"साहेब, माह्या गावात या महिन्यात हार्टनं कोणी नाही मेलं."

"कम्प्युटर तसं घेतो, सिस्टर."

"कोणाले घेतलं त्यानं?"

"त्यात किडनीचा रकाना नाही. त्याच्या मनानं जवळच्या रकान्यात जातं ते."

हे धादांत खोटं होतं. कम्प्युटरला मन नव्हतं. होतं ते माझंच. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मंग त्याले बी मांगं पाहाले सांगा ना." आणि हसली. शिपाई हसला. मीसुद्धा हसलो.

आता तिच्या यादीची दुसरी गोष्ट सांगतो. ही नावं ती कागदावर लिहायची, पण तोंडानं कधी उच्चारायची नाही. आमच्याकडं अशा आजाराचं नाव घराला लागलं की पोरीबाळींची लग्नं अडतात. एकदा बसस्टँडवर माझ्यादेखत एका पाहुण्यानं तिला बाजूला घेतलं. संग्रामपूरकडचा माणूस, मुलासाठी स्थळ पाहायला आलेला.

"सिस्टरबाई, त्या अमक्याच्या घरात पाण्याचा आजार हाय म्हंतात. खरं हाय का हो?"

"कुटुंबनियोजनाचं विचारा, भाऊ. घंटाभर सांगतो." आमच्या भागात बायासुद्धा सांगतो, येतो, जातो असंच बोलतात. "पोरीचं विचाराचं असन तं पोरीले विचारा. पोरगी बारावी पास हाय, तिले तोंड हाय."

तसाच एक जण पाण्याचे जार विकणारा. त्याला यादी हवी होती. कोणाच्या घरी आजार आहे ते कळलं की त्या घरी आधी जार द्यायचा, वर पुण्याचंही काम, असं तो म्हणत होता. ती म्हणाली, "यादी सरकारले देली. सरकारले माग." तो माझ्याकडे आला. मी म्हणालो, अशी यादीच नाही. तो म्हणाला, सिस्टर म्हणते आहे. मी पुन्हा म्हणालो, नाही. त्या वेळी मला वाटलं, आपण तिच्याच बाजूनं बोललो.

तिची शेवटची यादी आली तो दिवस मला पूर्ण आठवतो. उन्हाळा होता, सभागृहातला पंखा आवाज करत होता. तिनं अहवाल ठेवला, उलटा केला, टकटक केली. "साहेब, मांगं पाहा."

मी "पाहतो" म्हणालो आणि पुढच्या सिस्टरचा फॉर्म घ्यायला हात पुढे केला. ती हलली नाही.

"आज पाहूनच घ्या ना, जी."

मागे रांग होती. मी कागद उचलला, डोळ्यांसमोर धरला, वरून खाली नजर फिरवली. लाल रेघा आणि निळी गोल अक्षरं दिसली. एक अक्षर वाचलं नाही.

"पाहिलं."

"पाह्यलं?"

"हो. पाहिलं."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. आणि शेवटच्या बाकावर न जाता तशीच बाहेर पडली. त्या दिवशी तिनं बाटल्या भरल्या नाहीत. शिपाई म्हणाला, "आज सिस्टर पाणी विसरली." मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

त्यानंतर महिन्याभराच्या आत त्या भागातल्या मूत्रपिंडाच्या आजाराची बातमी छापून आली आणि बाहेरून डॉक्टरांचं एक पथक येणार असं कळलं. पथकाचा पहिला प्रश्न असणार होता, हे कधीपासून चालू आहे? तोवर आमचे साहेब बदललेले होते. नव्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "जुने कागद एकदा पाहून ठेवा."

मी गठ्ठा सोडला. पुढच्या बाजूला माझे वाटलेले आकडे, मागच्या बाजूला तिची नावं. एकाच कागदावर. कोणीही कागद उलटला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की आकडे कोणी बदलले. मी तिच्या उपकेंद्राचे तेवढे फॉर्म वेगळे काढले, खताच्या रिकाम्या पोत्यात भरले आणि स्कूटरवर पायाशी ठेवून घरी नेले. माळ्यावर टाकले.

पथक आलं, रक्त घेतलं, पाणी घेतलं. जुनी नोंद मागितली. नोंद नव्हती. नोंद नव्हती म्हणजे कोणीतरी ती केली नव्हती, आणि नोंद करणं हे उपकेंद्राच्या सिस्टरचं काम. तिला नोटीस गेली. गावातला आजार वरिष्ठांपासून दडवून ठेवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये.

चौकशी आमच्याच सभागृहात झाली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले होते. ती पुढच्या खुर्चीवर बसली होती, पिशवी मांडीवर. तिला पुढच्या बाकावर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुम्ही कळवलं होतं?"

"हाव साहेब. दर महिन्याले. फारमाच्या मांगं."

"स्थळप्रत आहे?"

तिनं पिशवीतून फाइल काढली. प्रत्येक अहवालाची कार्बन प्रत नीट लावलेली होती. पण ती पुढच्या बाजूची. कार्बन फॉर्मखाली घालून पुढची बाजू लिहायची, मग फॉर्म उलटा करून मागे यादी करायची. तेव्हा खाली कार्बन नसायचा.

"घरभेटीच्या डायरीत नावं असतील?"

"डायरी सेंटरवर टेबलावर पडून राह्यते, कोणं बी उघडते. तिच्यात मी 'पाय पाह्यले' एवढंच लिवतो. नावं एकाच जागी लिवली, साहेब. दोन जागी लिवली का फुटतात."

"मग ती जागा कुठं आहे?"

तिनं माझ्याकडे हात केला. आरोप करताना करतात तसा नाही. आपली वस्तू शेजाऱ्याकडे ठेवली आहे, ती सांगावी तसा. "यायच्याजवळ हायेत ना. साहेबायनं पाह्यले बी हायेत."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो. वाक्य मी आदल्या दिवशी तयार करून ठेवलं होतं. 'अहवालाच्या मागील बाजूस काही लिहून आल्याचे मला आठवत नाही.' कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसालाच असं वाक्य सुचतं. नाही म्हटलेलं नाही, आणि हो तर नाहीच.

 ती मला खोटारडा म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आठवून पाहा ना, साहेब."

मी खाली बसलो. समोरच्या रजिस्टरवर रेघ ओढत राहिलो.

तिच्या सेवापुस्तकात नोंद झाली, 'माहिती वेळेवर न कळविणे', आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जानेफळकडच्या एका उपकेंद्रावर बदली. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. कार्यमुक्तीचा आदेश घ्यायला ती आली तेव्हा तो मीच तिच्या हातात दिला. तिनं वाचला आणि सवयीनं उलटा केला. "मांगं कोरंच हाय," म्हणाली आणि खरंच हसली. मग म्हणाली, "तिकडं पाणी गोड हाय म्हंतात. चहा नाही फाटणार." बाटल्या नळावर भरल्या आणि गेली.

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

ती गेल्याचं मला नांदुऱ्याला एका लग्नात कळलं. तिच्याबरोबरची एक निवृत्त सिस्टर पंगतीत शेजारी होती. "तुमाले मालूम नाही? दोन वर्षं झाले की. किडनी." मी हातातला घास ताटात ठेवला. तरीही घरी येऊन मी माळ्यावर चढलो नाही. माणूस किती दिवस एखाद्या पोत्याखालून ये-जा करू शकतो, ते मी करून पाहिलं आहे.

यंदा घराला रंग द्यायचा म्हणून बायकोनं माळा रिकामा करवला. पोतं अंगणात येऊन पडलं. "हे काय हो? खत कुठं लागतं आपल्याले?" मी ते खोलीत ओढून नेलं, फरशीवर बसलो आणि फॉर्म उलटे करून एकामागून एक लावले. मग वाचायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यापासून. ज्या म्हाताऱ्याला तिनं माझ्यादेखत अकोल्याला धाडलं होतं तो सापडला. पुढे दोन वर्षं तो यादीत होता, नंतर त्याच्यापुढे तारीख होती. मी कागद पुढे करून पाहिला. मी त्याला वृद्धापकाळात टाकलं होतं.

संध्याकाळी मी शेवटच्या यादीपर्यंत आलो. पंखा आवाज करत होता त्या दिवसाची ती. नेहमीचे रकाने, नेहमीचं अक्षर. शेवटची ओळ तिची स्वतःची होती. स्वतःचं नाव, स्वतःचं वय. पाणी कुठलं: सेंटरची हापशी. किती वर्षं: चौदा. पाय: हाव. अकोल्याचा कागद: आहे.

म्हणून ती त्या दिवशी हलली नव्हती. म्हणून पुन्हा विचारलं, पाहिलं का. आणि मी दोनदा 'पाहिलं' म्हणालो होतो. चौकशीत मी उभा राहिलो तेव्हा ती समजत होती, या माणसाला माझा आजार ठाऊक आहे आणि तरी हा म्हणतो आहे, आठवत नाही. मी स्वतःच एक पेशंट आहे, माझे पाय पाहा, एवढं तिनं त्या सभागृहात म्हटलं असतं तर स्वतःलाच झालेला आजार ही कशाला दडवेल, असं म्हणून नोटिशीतलं 'दडवून ठेवलं' तिथंच संपलं असतं. पण यादीतलं नाव तोंडानं सांगायचं नाही हा तिचा नेम होता. तो तिनं स्वतःलाही लावला.

मी जानेफळला गेलो. तिची मुलगी तिथं राहते, घरची भाजीची शेती आहे. ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी नाव सांगितलं. तिनं जुडी खाली ठेवली.

"आकडेवाले साहेब का तुम्ही? आई सांगे तुमचं."

"काय सांगे?"

"म्हणे, साहेबाले मालूम हाय सगळं. त्यायनं पाह्यलं हाय. नोकरीचं भेव असन त्यायले, म्हणून बोलले नाही."

म्हणजे तिनं मला एक सबबही देऊन ठेवली होती.

"मी पाहिलं नव्हतं, ताई," मी म्हणालो. "कागद हातात धरला होता. वाचला नव्हता. आणि त्याच्या आधीचे आकडे मीच बदलले." मग वाटणीपासून पोत्यापर्यंत सगळं सांगितलं.

तिनं जुडीची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना. शेवटी ती म्हणाली, "आता वाचलं?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग मले काऊन सांगून राह्यले? मले मालूमच होतं तिनं लिवलं हाय ते. ज्यायले नाही म्हटलं, त्यायले जाऊन सांगा." आत जाताना वळली. "आणि छापाचं असन तं तिचं नाव नका टाकू. गावातल्या कोणाचंच नका टाकू. तिले नसतं चाललं. तुमचं काय लिवाचं ते लिवा."

तिनं चहा आणला. माझी नजर आधी कपात गेली. फाटला नव्हता.

म्हणून हे लिहिलं. पण त्याआधी मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. सोबत अर्ज नेला: आकडे मी बदलले, कागद मी घरी नेले, चौकशीत मी खोटं बोललो, सिस्टरच्या सेवापुस्तकातली नोंद रद्द व्हावी आणि जी व्हायची ती कारवाई माझ्यावर व्हावी. अर्जाखाली तिचे सगळे फॉर्म, सुतळीनं बांधलेले. या अर्जाचं काय होईल ते मला माहीत नाही. आता तिथं असलेल्या साहेबांनी वाचला, मला पाणी दिलं आणि जिल्ह्याला पाठवतो म्हणाले. नावं पाकिटात बंद करून पाठवा, एवढं मी त्यांना दोनदा सांगितलं.

आवकच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्जावर शिक्का मारला, 'प्राप्त', तारीख टाकली आणि फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. एकेका फॉर्मच्या पुढच्या बाजूला शिक्का मारायला लागल्या.

"मॅडम, मागं मारा."

"मागं कशाला, काका? मागं कोण पाहतं?"

"मागं पाहा."

त्यांनी कागद उलटला. थोडं वाचलं. मग शाईचा पॅड जवळ घेतला आणि सगळा गठ्ठा उलटा केला. पान, शिक्का. पान, शिक्का. मी समोर उभा राहून मोजत होतो, ती सवय जात नाही. रांगेत माझ्यामागे दोघं होते, ते थांबले.

शेवटच्या कागदावर शिक्का फिका उठला. बाईंनी तो पॅडवर पुन्हा दाबला आणि तिच्या नावाशेजारी नीट पाहून दुसऱ्यांदा मारला. शाई ओली होती. त्या कागद गठ्ठ्यावर ठेवायला निघाल्या तेव्हा मी म्हणालो, थांबा, वाळू द्या.